न लवणारी पापणी

चन्नवीर हुक्केरींच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली आणि त्यांची पापणी हलली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

भर दुपार होती. आमची घरं समोरासमोर, कळंब्यात, मधे दहा फुटांची बोळ. ते त्यांच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते, नजर समोर. मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. म्हटलं, "काय, कधी आलात इंदूरहून?" उत्तर नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. जरा मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मनात म्हटलं, काय माणूस आहे, सरळ माझ्याकडे बघतोय आणि साधी मानही हलवत नाही. तेवढ्यात ती माशी गालावरून चढली, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या ओलीवर बसली आणि निवांत पाय चोळायला लागली.

नीलम्मा आतून आली. नवऱ्याच्या तोंडासमोरून हात फिरवून तिनं माशी हाकलली आणि माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं.

"झोपलेत, अक्का."

"डोळे उघडे ठेवून?"

ती पदरानं दाराच्या खांबावरची नसलेली धूळ पुसत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तीन म्हैनं झालं."

नीलम्मा गडहिंग्लजकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाबरली की दोन्ही एकदम. मला ती अक्का म्हणते, कारण तिच्या मोठ्या बहिणीचा चेहरा माझ्यासारखा आहे म्हणे. त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि पहिल्यांदा सगळं बोलली. रात्री ते झोपतात तेव्हाही डोळे मिटत नाहीत. घोरतात, कूस बदलतात, पण डोळे छताकडे.

"मग हातानं मिटव की हळूच," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की माझं मलाच वाईट वाटलं.

"हातानं कुणाचे मिटवत्यात, अक्का? एकदा हात पुढं केलता मी. अंगावर काटा आला. बाथरूममध्ये जाऊन रडून आले."

हे कसं झालं ते सांगायचं तर चन्नवीरांचा धंदा सांगायला हवा.

वीस वर्षं हा माणूस ट्रक चालवतोय. आधी गुळाचे ट्रक, गुजरातकडे. मालक गूळमार्केटातलाच होता. तो म्हणायचा, "चन्नू, सावकाश जा, गाडी माझी हाय आन तू बी माझा हायस." वाटेत ढाब्यावर बाज टाकून चार तास झोपायचं, उठून आंघोळ करायची, इष्टलिंगाची पूजा करायची आणि निघायचं. पैसे थोडे, पण झोप स्वतःची. पुढं मालक गेला, पोरांनी गाड्या विकल्या, आणि चन्नवीर पार्सलच्या लाईनला लागले. गोकुळ शिरगावच्या डेपोतून बत्तीस फुटी बंद कंटेनर निघतो आणि इंदूरला पोचतो. आत काय? मोबाईलची कव्हरं, चपला, कुणाचा मिक्सर, कुणाची साडी. मीही मागवते, खोटं कशाला बोलू. टोमॅटो नासतो म्हणून टोमॅटोच्या गाडीला घाई असते. मोबाईलचं कव्हर काही नासत नाही, पण त्याला टोमॅटोपेक्षा जास्त घाई. सव्वाआठशे किलोमीटर, अठरा तास. त्यापुढं तासाला पैसे कापणार.

त्यासाठी गाडीवर दोन ड्रायव्हर. एक चालवतो, एक मागच्या पडद्याआड फळीवर झोपतो. चार-चार तासांची पाळी. चन्नवीरांचा जोडीदार पिराजी, पेठ वडगावचा, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना आण्णा म्हणतो. गाडी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबली, की हॉल्ट लागतो आणि ऑफिसातून फोन येतो. म्हणून ही मंडळी पाळी बदलायला गाडी थांबवतच नाहीत. सरळ रस्ता बघायचा, मागचा पुढं येतो, म्हणतो, "सरका." चालवणारा ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता अंग डावीकडं उचलतो, नवा त्याच्या मागनं घुसतो, स्टिअरिंग धरतो, पायाच्या जागी पाय. गाडी साठवर. चन्नवीरांनी मला हे दाखवलं होतं, आमच्या सोफ्यावर, चहाचा कप हातात धरून. चहा सांडला नाही.

"अहो, पण एखाद्या वेळी?" मी विचारलं होतं.

"वैनी, तोंडात घास घालताना हात चुकतोय व्हय? तसंच हाय हे. सवयीचं."

आणि मग तो कॅमेरा आला. आरशाच्या शेजारी, काडेपेटीएवढा. ड्रायव्हरचे डोळे बघतो. डोळे दोन सेकंद मिटले, की कर्कश वाजतो आणि गुण कापतो. महिन्याअखेर शंभरपैकी किती उरले, त्यावर चार हजारांपर्यंत वरचे पैसे. पगार बावीस हजार, किलोमीटरचे वेगळे, वेळेत पोचल्याचे वेगळे. सगळं मिळून अडतीस हजार व्हायचे, त्यातले चार या डोळ्यांचे. पहिल्या महिन्यात चन्नवीरांना एकसष्ट गुण पडले. पिराजीला सत्तर. चन्नवीरांच्या मनाला लागलं. शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण मुलीनं कधी ऐंशीच्या खाली आणलं की जेवत नसे. त्यांची शिवांजली, बारा वर्षांची. तिच्यासमोर बसून ते पापणी न लववायचा खेळ खेळायला लागले. पहिल्यांदा ती जिंकायची. मग बरोबरी. मग ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "अप्पा, बास की, लाल झाल्यात."

दुसऱ्या महिन्यात ब्याण्णव. तिसऱ्यापासून शंभर. डेपोच्या भिंतीवर त्यांचा फोटो लागला आणि घरी बक्षिसाचा प्रेशर कुकर आला. कुकर नीलम्मानं अजून खोक्यातून बाहेर काढलेला नाही.

मी एकदा त्यांच्याशी बोलून बघितलं. म्हटलं, चांगल्या डॉक्टरांना डोळे दाखवा, झोप नीट घ्या. ते हसले.

"वैनी, एवढ्या म्हागाच्या मशीनला जे दिसंना ते तुमास्नी गॅलरीतनं दिसलं व्हय?"



नीलम्माची एक ड्युटी होती. दुपारी अडीच ते साडेतीन. जेवण झालेलं, ऊन तापलेलं, ड्रायव्हरला सगळ्यात वाईट वेळ तीच. चन्नवीर कानात यंत्र घालून असायचे आणि ती फोनवर बोलत राहायची. काय बोलायची? भाजी काय आणली, सासूचे गुडघे, शिवांजलीची वही. लाईनवरच्या कितीतरी बायका हे करतात म्हणे. देशभर दुपारच्या त्या तासाला बायका बोलतायत आणि ट्रक चालतायत.

एका गुरुवारी आम्ही दोघी माझ्या गॅलरीत शेंगा फोडत बसलो होतो. गाडी पहाटे साडेतीनला डेपोतून सुटली होती. चन्नवीरांची दुसरी पाळी चालू होती, धुळं मागं पडलं होतं. पिराजी मागं झोपलेला. नीलम्मानं फोनचा आवाज मोठा करून तो सुपाशेजारी ठेवला होता. नवऱ्याला ती "री" म्हणते, कानडीतलं "अहो".

"री, जेवलासा?"

"हूं."

"काय खाल्लंसा?"

"हूं."

तिचा शेंगेवरचा अंगठा थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग आवाज तसाच ठेवून म्हणाली,

"री, आपल्या बोळात हत्ती आलाय."

"हूं."

"माडीवर चढलाय."

"हूं."

मागं इंजिनाचा एकसुरी आवाज येत होता. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. अडसष्ट-सत्तरचा वेग असणार. माझ्या हातातली शेंग खाली पडली. मी तोंड उघडलं, तसा तिनं माझा हात इतका जोरात दाबला, की बांगडी रुतली. ओरडायचं नाही. ते चन्नवीरांनीच तिला सांगितलेलं. एका क्लीनरनं झोपलेल्या ड्रायव्हरला ओरडून उठवलं, तो दचकला, स्टिअरिंग फिरलं आणि कंटेनर आडवा झाला. दोघंही गेले.

ती बोलत राहिली. त्याच सुरात, जणू काही झालंच नाही. "हत्ती लई मोठा न्हाय, री. शिवांजली त्याला केळी घालतीया." आणि दुसऱ्या हातानं मला खूण करत होती. आधी कळेना. ती बोट आपल्या घराकडं करायची, मग कानाकडं, मग पाठीमागं. पाठीमागं. पिराजी.

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती, बोळातला खडा रुतला तेवढं आठवतं. तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं, त्याच्यावर पेन्सिलीनं गॅसवाल्याचा, दूधवाल्याचा आणि पिराजीचा नंबर. मी तिथंच उभी राहून माझ्या मोबाईलवर नंबर दाबला. घाईत एक आकडा चुकला, एका अनोळखी बाईनं "कोण पायजे?" म्हणून विचारलं. पुन्हा दाबला. वाजायला लागला. मी वाजता फोन कानाला धरून परत धावले. जिना चढताना मला माझ्या कानातली रिंग ऐकू येत होती, आणि गॅलरीतल्या फोनमधून, चन्नवीरांच्या मागून, पिराजीच्या मोबाईलचं गाणं. एकाच वेळी दोन्ही. गाणं संपलं. कुणी उचललं नाही.

"हत्तीला आता पाणी पायजे म्हनं," नीलम्मा म्हणत होती. तिच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता.

"हूं."

मी पुन्हा लावला. गाणं पुन्हा सुरू झालं. मी देवाचं नाव घेत नव्हते, मी फक्त "उठ, उठ" म्हणत होते, ओठातल्या ओठात, जसं शाळेला उशीर होणाऱ्या पोराला म्हणावं.

"कोण हाय?" पिराजीचा झोपेतला, चिडका आवाज.

"पिराजी, कळंब्याची वैनी बोलतेय. ओरडू नका. उठून बसू नका एकदम. आण्णा झोपलेत चालवताना. डोळे उघडे आहेत, पण झोपलेत."

 मग पडद्याच्या कड्यांचा आवाज. पुढचं आम्ही फक्त ऐकलं. बघितलं पिराजीनं, आणि नंतर त्यानं सांगितलं म्हणून मी लिहिते. आण्णा सरळ बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, पाय दाबलेला. पुढं कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चालला होता, आणि त्याच्यापुढं तापीचा पूल. पिराजी म्हणाला, "वैनी, मला काय सुचंना. हात धरू का, ब्रेकला पाय घालू? मग तोंडातनं जे रोज निघतंय तेच निघालं."

आम्ही ते ऐकलं. अगदी शांत, रोजच्यासारखं.

"आण्णा, सरका."

आणि चन्नवीर सरकले. झोपेतच. पाय न काढता अंग डावीकडं उचललं, पिराजी मागून घुसला, त्यानं स्टिअरिंग धरलं, पायाच्या जागी पाय घातला. हॉर्न वाजला, लांबलचक. काहीतरी घसरल्याचा आवाज आला. मग पिराजी, दम लागलेला:

"वैनी, बसलो मी. बसलो. पुलावर हाय."

आणि लांबून चन्नवीरांचा आवाज, जागा झालेल्या माणसाचा, जरा वैतागलेला, "कुठं आलो रे?"

नीलम्मानं फोन बंद केला आणि सूप उलटं केलं. सगळ्या शेंगा गॅलरीभर. मुद्दाम केलं नाही, हात तसा गेला.

त्यांनी तिथंही गाडी थांबवली नाही. पंचवीस मिनिटं उशीर झाला होता आधीच.

चन्नवीर शनिवारी घरी आले. नीलम्मानं विचारलं, मी विचारलं, पिराजीनं दारात उभं राहून विचारलं. त्यांचं एकच.

"मी जागा हुतो."

"आण्णा, मी बघितलंय तुमाला."

"आरं, मग सरकलो कसा? तू म्हनलास सरका, मी सरकलो. झोपलेला माणूस सरकंल व्हय? सांगा वैनी, तुमी शिकल्याल्या हायसा. सरकंल?"



त्याच दुपारी ते खुर्चीत तसेच लागले तेव्हा नीलम्मानं मोबाईलवर त्यांचं चित्रण केलं. शिवांजलीनं त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला, जीभ काढून दाखवली. काही नाही. उठल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, मोबाईल डोळ्याजवळ धरून. मला वाटलं, आता पटेल.

"जागा तर हाय की मी ह्यात," ते म्हणाले.

नीलम्माचा चेहरा मी पाहिला. आजवर तिला वाटत होतं, की दुसऱ्यांना कळत नाही. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं, हे तिला तेव्हा समजलं.

पिराजी जाताना मला बोळाच्या तोंडाशी म्हणाला, "वैनी, लाईनवर जोडी म्हंजे लगीन असतंय. मी मागं झोपतो ते आण्णांच्या डोळ्यांवर झोपतो. आता कसा झोपू?" मी म्हटलं, दुसरी जोडी मागा. तो म्हणाला, "मागितली तर कारण इचारत्यात. कारण सांगितलं तर आण्णाची लाईन जाती. अडतीस हजार कुठं मिळत्यात?"

मंगळवारी पहाटे दोघं पुन्हा गेले.

बुधवारी साडेअकराला नीलम्माचा फोन वाजला. पिराजी. गाडी परतीच्या वाटेवर होती, संगमनेर सोडलं होतं, स्टिअरिंगवर तोच होता.

"वैनी, मी काल पहाटेपासनं झोपलो न्हाय. मागं गेलो की पडद्याच्या फटीतनं आण्णांच्या मानेकडं बघत बसतोय. रात्रभर. आता मला रस्ते दोन दिसाय लागल्यात. एक वाजता पाळी बदलायची. मी चालवलं तरी दोघं जातोय, आण्णांनी चालवलं तरी दोघं जातोय. काय करू सांगा."

"थांब बाजूला," नीलम्मा म्हणाली.

"हॉल्ट लागतोय, वैनी. कारण काय सांगू?"

आम्ही रिक्षा केली. कळंब्यातून गोकुळ शिरगाव काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल आमच्याच नावानं लाल होत होता. नीलम्मा रिक्षात घड्याळाकडे बघत नव्हती, मीच बघत होते. ती कानडीत काहीतरी पुटपुटत होती. डेपोत शिरलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

तिथला सुपरवायझर विजयसिंह, पस्तिशीचा, शर्टाला पेन, टेबलावर थंड झालेला चहा. सभ्य माणूस. त्यानं उठून खुर्च्या दिल्या. नीलम्मा बसली नाही.

"साहेब, आमची गाडी थांबवा."

"का, वैनी? काय झालं घरात?"

"ते डोळे उघडं ठिवून झोपत्यात. चालवताना."

विजयसिंह हसला नाही, तेवढं बरं. पण त्यानं लॅपटॉप आमच्याकडं वळवला. "हे बघा. हुक्केरी आण्णा. सलग पाच महिने शंभर. आख्ख्या डिव्हिजनमधी असा माणूस न्हाय. उलट मी त्यांचं नाव दिल्ली लाईनला पाठवलंय. सोळाशे किलोमीटर. पैसे बी जास्त."

"दिल्ली," नीलम्मा नुसतं म्हणाली.

मी विचारलं, "मागच्या गुरुवारचं चित्रण आहे का? दुपारी पावणेतीनच्या सुमाराचं, शिरपूरच्या अलीकडचं?"

पंधरा दिवसांचं साठवलेलं असतं. त्यानं शोधून काढलं. पडद्यावर चन्नवीरांचा चेहरा आला. खिडकीतून ऊन येत होतं, झाडांची सावली तोंडावरून सरकत होती. सावली गेली, की ऊन थेट डोळ्यांत. खाली कोपऱ्यात अडसष्ट आकडा.

"बघा की. जागे हायत," विजयसिंह म्हणाला.

"पापण्या मोजा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग टेबलावर एक बोट उचलून धरलं, पापणी लवली की टेकवायचं म्हणून. मी स्वतःच्या पापण्या मोजायला लागले. सात झाल्या, दहा झाल्या. त्याचं बोट हवेतच. पडद्यावर ऊन-सावली, ऊन-सावली. पंधरा. वीस. तरी तो ते खाली टेकवेना. दीड मिनिट असेल. नीलम्मा पडद्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती.

विजयसिंहनं चित्रण बंद केलं. "आत्ता कोण चालवतंय?"

"पिराजी. तो दीड दिवस झोपला नाही," मी म्हटलं. "एकला आण्णा घेतील."

पावणेएक झाला होता. पडद्यावर नकाशा आला, गाड्यांचे ठिपके. चालणाऱ्या गाडीचा हिरवा, थांबलेलीचा लाल. त्यांचा ठिपका नारायणगावच्या जवळ, हिरवा, सरकत होता. विजयसिंहनं फोन लावला.

"पिराजी, गाडी साईडला घे."

"साहेब, हॉल्ट लागंल."

"लागू दे. घे."

"लेखी टाका, साहेब." पिराजीचा आवाज जड, जीभ लोळत होती. "मागं गायकवाड ड्रायव्हरला बी तोंडी म्हनलाता घे म्हनून. पैसे त्याचेच कापले. लेखी टाका, मग घेतो."

विजयसिंहचा हात मोबाईलवर, पण अंगठा हलेना. मला त्याचं कळलं. लेखी टाकलं, की ते वर पुण्याला दिसणार. कुणी थांबवली, का थांबवली, आणि पाच महिने शंभर गुण देणाऱ्या मशीनचं काय, सगळं त्याच्या अंगावर येणार. तोही कुणाचा तरी नवरा होता, त्याचंही घर होतं. ठिपका सरकत होता. मी घड्याळ बघितलं. बारा अठ्ठेचाळीस.

"वैनी, मी वर विचारतो, दहा मिन्टं..."

"साहेब," नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "माझं नाव घाला. बायकूनं तक्रार केली म्हनून लिवा. तुमी न्हाय थांबवली, मी थांबवली. लाईन गेली तर आमची जाती."

तिला माहीत होतं ती काय बोलतेय. खोलीत आम्ही तिघंच होतो, पण कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

"इंग्रजीत टाकावं लागतं," विजयसिंह म्हणाला. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. कॉलेज सोडून सव्वीस वर्षं झाली, पण तीन ओळी लिहिल्या. चालकाच्या पत्नीच्या तक्रारीवरून, दोन्ही चालक वाहन चालवण्याच्या स्थितीत नाहीत, गाडी तातडीने सुरक्षित जागी उभी करावी. नीलम्मा चन्नवीर हुक्केरी. त्यानं वाचलं आणि पाठवलं.

ठिपका हिरवाच होता. आम्ही तिघं पडद्यावर वाकलो होतो. पिराजीनं वाचलं असेल का? वाचण्यासाठी नजर खाली गेली असेल, तर? एक मिनिट. नारायणगाव मागं गेलं.  ठिपका थांबल्यासारखा वाटला, पुन्हा सरकला. मग थांबला. मग बराच वेळ काही नाही, आणि मग लाल झाला.

नीलम्मा खुर्चीत बसली. पहिल्यांदाच.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. पुण्याहून दोन माणसं आली, कागद झाले, दिल्ली तर राहिलीच, इंदूरही गेली. चन्नवीर आता डेपोतला छोटा टेम्पो चालवतात, कागल, हातकणंगले, वडगाव, दिवसा. एकवीस हजार मिळतात. पहिले दोन महिने ते नीलम्माशी बोलले नाहीत, मलाही "वैनी" म्हणून हाक मारली नाही. शिवांजलीचा क्लास बंद झाला, मी तिला घरीच शिकवते. त्यांचे डोळे अजून पूर्ण मिटत नाहीत. अर्धे मिटतात. नीलम्मा म्हणते, "अर्धं तर अर्धं." ते टेम्पो घेऊन निघाले, की ती अजून दारात उभी राहते, टेम्पो वळेपर्यंत, आणि नंतरही जरा वेळ.

पण त्या दुपारी डेपोतल्या खुर्चीतून ती उठेना. मी म्हटलं, चल, थांबली गाडी. ती म्हणाली, "लाल हाय तवर बसू." एक वाजला, दोन वाजले. वरून विजयसिंहला फोन आला. हॉल्ट कसला, म्हणून विचारत असणार. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ड्रायव्हर झोपलेत, साहेब." पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. "दोघं बी झोपलेत," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मग नकाशा बंद करून त्यानं महिन्याची यादी काढली. सगळ्यात वर हुक्केरी, शंभर. खाली आणखी सहा नावं होती, शंभर, शंभर, नव्व्याण्णव. नीलम्मानं मान वळवली.

"ही कुठं असत्यात आत्ता?"

 विजयसिंहनं दुसऱ्या नावावर टिचकी मारली. त्या क्षणी गाडी चालवत असलेल्या एका तरुण माणसाचा चेहरा आला, मिशा नुकत्या कातरलेल्या, कानात बाळी, नजर सरळ समोर. विजयसिंहनं टेबलावर बोट उचललं.

आम्ही तिघंही मोजायला लागलो. बरंच मोजून झालं तरी बोट खाली आलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं फोन जवळ ओढला.